जठरातील एक दुर्मीळ गाठ

जठरात गाठ निघाली असे ऐकताच कर्करोग हा एकच शब्द मनात येतो. वस्तुतः जठराच्या भिंतीला अनेक थर असतात आणि गाठ कोणत्या थरातून उद्भवली यावर रोगाचा स्वभाव ठरतो. आतील अस्तरातून होणारा नेहमीचा कर्करोग वेगळा आणि भिंतीच्या स्नायुमय थरातून वाढणारी ‘जिस्ट’ ही गाठ वेगळी. दोहोंचे उपचार अगदी भिन्न असल्यामुळे या रोगाची ओळख असणे हिताचे आहे.

जिस्ट हे ‘गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर’ या नावाचे आद्याक्षरी रूप होय. दहा लाख लोकवस्तीत दरवर्षी साधारणतः १० ते १५ जणांना हा रोग होतो. म्हणजे तीस लाख वस्तीच्या जिल्ह्यात वर्षाला तीस ते पंचेचाळीस. यांपैकी सुमारे ६० टक्के गाठी जठरात, ३० टक्के लहान आतड्यात व उरलेल्या अन्यत्र आढळतात. बहुतेक रुग्ण पन्नाशी ओलांडलेले असतात. स्त्री-पुरुष भेद फारसा नाही.

पचनमार्गाच्या हालचालीचा ताल राखणाऱ्या काही पेशी असतात. स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. जिस्टचा उगम या पेशींच्या कुळातून होतो. बहुसंख्य रुग्णांत ‘किट’ नावाच्या जनुकात बिघाड होऊन पेशीला मिळणारी वाढीची आज्ञा थांबतच नाही, हे १९९८ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले. आहाराशी वा व्यसनाशी या बिघाडाचा संबंध आढळलेला नाही. म्हणून सात्त्विक आहाराच्या, निर्व्यसनी माणसाने ‘मला हे होणारच नाही’ असे समजू नये. आणि झाले, तर स्वतःला दोषही देऊ नये.

लहान गाठ बहुधा मूक असते आणि अन्य कारणासाठी केलेल्या तपासणीत अकस्मात सापडते. मोठी गाठ पोट भरल्याची भावना, दुखणे किंवा हाताला लागणारा गोळा या रूपाने प्रकटते. मात्र सर्वांत महत्त्वाचे लक्षण रक्तस्राव हे होय. कधी शौच डांबरासारखे काळे होते, तर कधी रक्त इतके थोडे थोडे जाते की डोळ्यांना दिसत नाही. केवळ हिमोग्लोबिन उतरत जाते. दुकानाचा जिना चढताना धाप लागते, गादीवर बसल्या बसल्या थकवा येतो, आणि घरचे म्हणतात, वय झाले. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते हे खरे, आणि अशा रक्तक्षयाची कारणे बहुधा दुसरीच, अधिक सामान्य असतात. तथापि उतारवयात रक्त का कमी झाले याचा शोध न घेता केवळ टॉनिक घेत राहणे धोक्याचे आहे.

जिस्ट अस्तराखाली दडलेली असल्यामुळे एंडोस्कोपीत घेतलेला वरवरचा तुकडा निर्दोष ठरू शकतो. त्याने निश्चिंत होऊ नये. सीटी स्कॅन, तसेच एंडोस्कोपीतूनच केलेली सोनोग्राफी येथे उपयोगी पडते. नमुन्यावर ‘सीडी ११७’ ही चाचणी केल्यास बहुतेक वेळा नाव निश्चित होते.

गाठीचा आकार, पेशी-विभाजनाचा वेग व तिची जागा यांवरून पुढील धोका जोखतात. जठरातील दोन सेंटिमीटरपर्यंतची, मंद वाढीची गाठ जवळजवळ निर्धोक असते. दहा सेंटिमीटरहून मोठी आणि वेगाने वाढणारी मात्र पुन्हा उद्भवण्याचा संभव फार मोठा. गाठ न फोडता संपूर्ण काढणे हा मुख्य उपचार. ती लसिकाग्रंथींत क्वचितच पसरते, त्यामुळे नेहमीच्या कर्करोगाइतकी विस्तृत शस्त्रक्रिया बहुधा लागत नाही.

पूर्वी गाठ पसरल्यावर उपाय नव्हता. नेहमीची केमोथेरपी येथे जवळजवळ निष्फळ ठरे. २००० साली फिनलंडमध्ये एका रुग्णाला इमॅटिनिब ही गोळी प्रथम देण्यात आली आणि चित्र पालटले. अधिक धोक्याच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे ती देतात. ४०० रुग्णांच्या एका अभ्यासात, एक वर्ष गोळी घेणाऱ्यांपैकी ८२ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते, तर तीन वर्षे घेणाऱ्यांपैकी ९२ टक्के. काही जनुकीय प्रकारांवर मात्र ही गोळी चालत नाही. म्हणून उपचारापूर्वी जनुकचाचणीविषयी विचारावे.

खर्चाची बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये लागत, तेव्हा भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि हा स्वस्त मार्ग खुला राहिला.

ही गोळी अन्नासोबत व मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावयाची असते. नेहमीची मात्रा दिवसातून एकदाच असल्याने सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांतही तिचा मेळ सहज बसतो. मात्र पर्युषणातील उपवासांचा, विशेषतः अठ्ठाईचा, संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी अवश्य बोलावे. बरे वाटू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने थांबवू नये. पसरलेला रोग औषध थांबताच बहुधा पुन्हा वाढू लागतो, आणि बरे वाटणे हे तर त्या औषधाचेच फळ असते.