पाय वळतो की चाक झिजले आहे?

शाळेचा स्केटिंग हॉकीचा संघ असावा, अशी मागणी गेल्या पालक सभेत झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पालकांनी माना डोलावल्या आणि विश्वस्त मंडळातील एका सदस्यांनी स्केट्सच्या वीस नव्या जोड्या घेऊन देण्याची तयारीही दाखवली. त्यांचे आम्ही मनापासून आभारी आहोत. तरी या बाबतीत आमचे मत थोडे वेगळे आहे. सभेत ते बोलायचे राहून गेले, म्हणून या पानावर मांडतो. नव्या जोड्या घेण्याआधी कपाटात पडलेल्या जोड्या नीट जुळवून घ्याव्यात, आणि हे जुळवणे ज्याला कळते असा एक तरी माणूस शाळेत तयार करावा, असे आम्हाला वाटते.

असे का वाटते, ते सांगतो. सातवीतल्या एका मुलीने यंदा स्केटिंग सोडले. ती सरळ रेषेत छान जायची, पण डावीकडे वळायची वेळ आली की हमखास पडायची. आम्ही सगळ्यांनी तिला सल्ले दिले. गुडघे वाकव, खाली बघू नकोस, घाबरू नकोस. कोणी म्हणाले, पायात ताकद नाही. कोणी म्हणाले, हिचा पाय आतल्या बाजूला वळतो. रोज भिजवलेले बदाम खायलाही आम्हीच सुचवले होते! तिच्या आईने तेही केले. तीन महिने कोपर आणि गुडघे सोलून घेतल्यावर तिने स्केट्स ऑफिसात आणून ठेवले आणि थ्रोबॉलला नाव दिले.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत खेळाचे कपाट आवरताना आमच्यापैकी एकांनी सहज म्हणून तीच जोडी सायकल दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे नेली. काकांनी जन्मात स्केट्स घातलेले नाहीत. त्यांनी जोडी उलटी केली, चाके फिरवून पाहिली, बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, याचा एक पाय बांधलाय आणि एक मोकळा सोडलाय. पोरगी पडेल नाही तर काय करेल?"

प्रकार असा होता. आपल्या शाळेतले स्केट्स चार चाकांचे, म्हणजे क्वाड जातीचे आहेत. पुढे दोन चाके आणि मागे दोन. बैलगाडीला असतो तसा पुढच्या आणि मागच्या चाकांना प्रत्येकी एक आस असतो. हा आस पट्टीला घट्ट जोडलेला नसतो. मधे रबर असते आणि ते रबर एका बोल्टवरच्या नटाने दाबलेले असते. अंग डावीकडे झुकवले की रबर डाव्या बाजूने दबते, आस किंचित तिरका होतो आणि स्केट डावीकडे वळतो. वळण्याचे सारे गुपित त्या रबरात आहे. नट आवळला तर स्केट स्थिर राहतो पण वळायला नकार देतो. सैल सोडला तर पटकन वळतो, पण नवशिक्याच्या पायाखाली लटलटतो. त्या मुलीच्या डाव्या स्केटचे नट शेवटपर्यंत आवळलेले होते आणि उजव्याचे सैल. वळताना उजवा पाय ऐकायचा, डावा सरळच जायचा. त्यात आतल्या बाजूची चाके झिजून तिरकी झालेली, आणि एक बेअरिंग धुळीने जाम.

दोष कोणाचा, हे शोधायला लांब जायला नको. दोन वर्षांत त्या जोडीला आम्ही कोणी पाना लावला नव्हता.

आता हॉकीविषयी. स्केटिंग हॉकी आपल्याकडे क्वाडवर खेळतात, तशीच एका रांगेत चाके असलेल्या इनलाइन स्केट्सवरही खेळतात. या इनलाइन स्केट्सची हकिगत मुलांना आवडेल. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन हे दोघे भाऊ बर्फावरची हॉकी खेळायचे. उन्हाळ्यात बर्फ नसताना सराव कशावर करायचा, हा त्यांचा प्रश्न. १९८०च्या सुमारास त्यांनी हॉकीच्या बुटाखाली पात्याच्या जागी चाकांची रांग बसवली आणि त्यातून रोलरब्लेड हा प्रसिद्ध छाप निघाला. म्हणजे आपल्या मुलांच्या पायातली चाके मुळात बर्फावरच्या पात्याची जागा घ्यायला आली आहेत. म्हणून ते पाते कसे असते, हे समजून घेतले तर चाकेही समजतात.

बर्फावरचे हॉकीचे पाते जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचे असते. लांबून ते सुरीसारखे दिसते, पण त्याला धार एक नसते, दोन असतात. तळाला लांबीभर बारीक पन्हाळ कोरलेली असते आणि पन्हाळीच्या दोन काठांच्या दोन धारा होतात. पन्हाळ खोल कोरली तर धारा बर्फात रुततात, खेळाडूला चटकन वळता आणि थांबता येते, पण पाते अडखळते आणि पाय लवकर दमतात. उथळ कोरली तर पाते सुळकन घसरते, वेग मिळतो आणि पकड कमी होते. या पन्हाळीची गोलाई इंचात मोजतात. अर्धा इंच हे नेहमीचे माप. अंगाने हलक्या मुलाला थोडी खोल चालते, वजनदार खेळाडूला उथळ, कारण त्याच्या वजनानेच पाते रुतते.

आपल्या वाचकांत शेतकरी पालक पुष्कळ आहेत. त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. काळ्या रानात नांगर किती खोल घालायचा आणि त्यासाठी जू पुढे बांधायचे की मागे, हे औराद-भालकीकडच्या कोणत्याही जुन्या माणसाला विचारा. नांगर फार खोल गेला तर बैलाला ओढत नाही आणि वर वर गेला तर तास पडत नाही. बैल चांगला की वाईट, हा प्रश्न नांगर लावून झाल्यावर येतो.

पात्याची दुसरी गंमत त्याच्या लांबीत आहे. ते सरळ नसते, पाळण्याच्या खालच्या दांडीसारखे किंचित वाकलेले असते. हा बाक इतका कमी असतो की तो ९ ते ११ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा म्हणून मोजतात. बाक जास्त असेल तर बर्फाला टेकणारा भाग लहान राहतो आणि खेळाडू जागच्या जागी गिरकी घेतो. बाक कमी असेल तर टेकणारा भाग वाढतो, तोल आणि वेग सुधारतो, पण वळण मोठे लागते. गोलरक्षकाला इकडून तिकडे पळायचे नसते, म्हणून त्याचे पाते जाड आणि जवळजवळ सपाट ठेवतात. शिवाय हा बाक पायाच्या मधोमध आहे, पुढे आहे की मागे, यावर खेळाडूचे अंग पुढे झुकते की मागे रेलते, हे ठरते.

धार लावणाऱ्याचा हात चुकला आणि दोन धारांपैकी एक उंच झाली, तर काय होते? खेळाडू एका बाजूला व्यवस्थित वळतो आणि दुसऱ्या बाजूला घसरून पडतो. आमच्या सातवीतल्या मुलीसारखा! म्हणून जाणते लोक पाते उलटे धरून त्यावर एक नाणे आडवे ठेवतात. नाणे कलले तर धारा समान नाहीत, पाते परत शिकलगाराकडे. तपासायला एक नाणे पुरते.

हेच तीन गुण चाकांत शोधा. पन्हाळीच्या जागी चाकाचा मऊपणा येतो. गुळगुळीत जमिनीवर मऊ चाक पकड देते, खरखरीत डांबरावर ते खोडरबरासारखे झिजते, तिथे कठीण चाक हवे. आपले पटांगण शहाबादी फरशीचे. शहाबाद आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातच आहे, आणि तिथल्या फरशीने अर्ध्या दख्खनची घरे घातली आहेत. ही फरशी वापरून गुळगुळीत होते, तीवर कठीण चाक निसटते. शिवाय दोन फरशांमधल्या सांध्यात पुढचे चाक अडकते. ते सांधे सिमेंटने नीट भरून घेतले तर निम्मी पडापड थांबेल, असे आम्ही खात्रीने सांगतो.

पात्याच्या बाकाची नक्कल इनलाइनमध्ये दोन प्रकारे करतात. मधली दोन चाके किंचित खाली ठेवतात, म्हणजे गिरकी सोपी जाते. किंवा हॉकीच्या काही जोड्यांत पुढची दोन चाके ७६ आणि मागची दोन ८० मिलिमीटरची बसवतात, म्हणजे अंग आपोआप पुढे झुकते. नवशिक्या मुलांना यातले काही नको. त्यांची चारही चाके सारखी आणि सपाट असावीत. मुलांनो, कोणाचे पाहून एखादे चाक बदलू नका. आपण ढकलतो आतल्या कडेने, म्हणून चाक आतून आधी झिजते. इनलाइनचे पहिले चाक तिसऱ्या जागी, दुसरे चौथ्या जागी, आणि प्रत्येक उलटे करून, एवढी अदलाबदल महिन्यातून एकदा केली तरी खूप झाले. क्वाडमध्ये आतली चाके बाहेर आणि बाहेरची आत.

बेअरिंगबद्दल एवढेच की स्केट्स नळाखाली धुऊ नयेत. प्रत्येक चाकात दोन, म्हणजे आठ चाकांच्या जोडीत सोळा बेअरिंग असतात. २०१७ साली ज्या स्पिनरने वर्गावर्गांत उच्छाद मांडला होता, त्याच्या मधोमध बहुधा हेच ६०८ क्रमांकाचे बेअरिंग असायचे. पाण्याने ते गंजते आणि आपल्याकडच्या उन्हाळी धुळीने घट्ट होते. ते काढून स्वच्छ करणे हे मोठ्यांचे काम आहे.

पालकांना मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. "वाढता पाय आहे" म्हणून एक-दोन नंबर मोठा बूट घेण्याची आपली सवय गणवेशाला ठीक आहे, स्केट्सला नाही. मोठ्या बुटात टाच उचलली जाते, घोटा आत कलतो, आणि मग आपणच म्हणतो की मुलाचा पाय वळतो. त्यापेक्षा दुसऱ्याच्या मुलाचे लहान झालेले, पण मापाचे स्केट्स मागून आणा. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

हे सगळे मोठ्या शहरांचे लाड आहेत, असेही सभेत एकांनी म्हटले. बिदरहून हैदराबाद आपल्याला किती जवळ! तिथल्या अनुप कुमार यामा यांनी २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कलात्मक स्केटिंगमध्ये दोन कांस्यपदके मिळवली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ऑक्टोबर २०२३ मध्ये ३००० मीटर रिलेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारताच्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. त्याच संघातला आनंदकुमार वेलकुमार २०२५ मध्ये चीनमध्ये १००० मीटर शर्यतीत जगज्जेता झाला. आणि लडाखकडे पाहा. बर्फावरची हॉकी तिथे रुजली तेव्हा लष्करी बुटांना पाती ठोकून लोक खेळत असत. त्याच लडाखच्या मुलींचा भरणा असलेल्या भारतीय संघाने २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या महिलांच्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. बुटाला स्वतः पाते बसवणाऱ्याला ते कसे बसले आहे हे कळत असणारच, आणि आमचा मुद्दा तोच आहे.

तेव्हा विश्वस्त मंडळाला विनंती अशी. वीस जोड्यांऐवजी तूर्त बारा घ्याव्यात, निरनिराळ्या मापांच्या. वाचलेल्या पैशांत पान्यांचा आणि ॲलन कीचा एक संच, जादा चाके, रबरे आणि बेअरिंग घ्यावीत, फरशीचे सांधे भरून घ्यावेत. क्रीडाशिक्षकांना आठवडाभर हैदराबादला किंवा बेळगावला एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडे पाठवावे, आणि शिकवण्याबरोबरच स्केट्स जुळवण्याचे कामही पाहून यायला सांगावे. प्रत्येक जोडीला क्रमांक घालून एक वही ठेवावी, चाके कधी फिरवली ते तीत लिहावे. वही आठवी-नववीच्या मुलांकडे द्यावी, ते आपल्यापेक्षा नेटाने लिहितील. संघ त्यानंतर उभा करावा. एक वर्ष उशीर झाला तरी चालेल.

काकांनी ती जोडी अर्ध्या तासात ठीक करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. आम्ही ती घेऊन त्या मुलीकडे गेलो, झाले ते सांगितले, आमची चूक कबूल केली. तिने चाके फिरवून पाहिली, आणि म्हणाली, "आता थ्रोबॉलच्या मॅचेस आहेत, बाई." आम्ही आग्रह केला नाही. जोडी कपाटात वरच्या खणात ठेवली आहे, तिच्या मापाची आहे, ती दुसऱ्या कोणाला द्यायची नाही असे तूर्त ठरवले आहे.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता काका शाळेत येणार आहेत. ज्यांच्या घरी स्केट्स पडून आहेत त्यांनी ते घेऊन यावेत. सोबत एक जुने सुती फडके आणावे.