तिकिटाचे पैसे कोणी भरले?

शासकीय मराठीत वापरून वापरून झिजलेल्या शब्दांची यादी केली, तर 'समन्वय' हा शब्द मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन. एखादी गोष्ट दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडून बिघडली की 'समन्वयाचा अभाव' असे निदान होते, आणि औषध म्हणून समन्वय समिती नेमली जाते. समितीची बैठक होते, बैठकीचे इतिवृत्त निघते, पुढच्या बैठकीत ते कायम केले जाते. विमानतळ आणि बंदरे यांवरून होणाऱ्या तस्करीच्या बाबतीत आपण अनेक वर्षे हेच औषध घेत आहोत. माझे म्हणणे असे की हे औषध नसून रोगाचेच एक लक्षण आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना विमानतळ चांगला परिचयाचा असतो. दुबई, मस्कत किंवा सिंगापूरहून गणपतीला घरी येणाऱ्या माणसाला तिथे एकच लांबलचक रांग दिसते. पण त्या रांगेतला प्रत्येक टप्पा वेगळ्या मंत्रालयाचा असतो. पारपत्र पाहणारा इमिग्रेशनचा अधिकारी आणि अंगझडती घेणारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान हे दोघेही गृहखात्याचे, पण वेगवेगळ्या साखळ्यांतले. सामान उघडायला लावणारा सीमाशुल्क अधिकारी अर्थखात्याचा. सुरक्षेचे नियम ठरवणारा ब्यूरो नागरी विमानवाहतूक मंत्रालयाचा. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांची काळजी वाहणारे कार्यालय परराष्ट्र खात्याचे. विमानतळ चालवणारी कंपनी बहुधा खासगी, आणि गुन्हा नोंदवायचा तो राज्य पोलिसांच्या ठाण्यात. बंदरावर यात तटरक्षक दल, नौदल, सागरी पोलीस, बंदर प्राधिकरण आणि खासगी टर्मिनलचालक यांची भर पडते. इतक्या यंत्रणा असणे मला गैर वाटत नाही. कामे खरोखरच भिन्न आहेत. प्रश्न असा, की या साऱ्यांच्या समोरून जाणारा माणूस किंवा माल एकच असताना त्याचे एकच चित्र कोणाच्याही डोळ्यांसमोर का उभे राहत नाही?

याचे नेहमीचे उत्तर 'अहंकार' असे दिले जाते. ते मला अपुरे वाटते. घोडे पेंड खाते ते हिशेबाच्या पद्धतीपाशी.

सप्टेंबर 2021 मध्ये गुजरातेतील मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने 2,988 किलो हेरॉइन पकडले. माल अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आला होता, कागदोपत्री तो शंखजिऱ्याचे अर्धप्रक्रिया केलेले दगड असा होता, आणि आयातदाराची नोंदणी होती आंध्र प्रदेशातील विजयवाड्याची. कच्छच्या आखातात उतरणारा माल, हजारांहून अधिक किलोमीटरवरचा पत्ता, आणि मालाचा उगम युद्धाने पोखरलेल्या देशात. ही तीन टोके जुळवणाऱ्या अधिकाऱ्यांचे कौतुक करण्यात मी हात आखडता घेणार नाही. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातही 2020 मध्ये 191 किलो हेरॉइन सापडले होते, आणि 2022 मध्ये ज्येष्ठमधाच्या काड्यांवर लेप देऊन आणलेले हेरॉइन तिथूनच ताब्यात घेतले गेले. ते शोधले दिल्ली पोलिसांनी.

आता या सर्व प्रकरणांतले समान सूत्र पाहा. माल वजन करून मोजता येतो, त्याची कोटींतली किंमत सांगता येते, त्याच्या गोण्यांमागे उभे राहून छायाचित्र काढता येते. पकडलेल्या मालाशी अधिकाऱ्यांची आणि खबऱ्यांची रोख बक्षिसे जोडण्याचे धोरण आपल्याकडे फार जुने आहे. त्यामुळे प्रत्येक किलोला एक मालक-खाते असते. अशा व्यवस्थेत माहिती ही त्या खात्याची मिळकत होते, आणि मिळकत कोणी वाटत सुटत नाही. माझ्या सेवेत मी अशा बैठकांना पुष्कळ वेळा बसलो आहे. प्रत्येक प्रतिनिधी 'योग्य ती माहिती योग्य त्या पातळीवर कळविण्यात आली आहे' असे सांगतो आणि दुसऱ्याला ताकास तूर लागू देत नाही. तो माणूस वाईट नसतो. त्याच्या वार्षिक कार्यमूल्यमापनात 'दुसऱ्या खात्याला काय दिले' असा रकानाच नसतो, एवढेच.

अमली पदार्थांच्या बाबतीत ही पद्धत निदान काही फळ तरी देते. माणसांच्या तस्करीत मात्र ती पुरती आंधळी ठरते, कारण फसवून नेलेल्या माणसाला जप्तीच्या तराजूत वजन नाही. तो बंदी असलेली वस्तू नाही, त्याच्याजवळ खरे पारपत्र असते, खरा व्हिसा असतो, परतीचे तिकीटही असते. तो स्वतः हसतमुखाने रांगेत उभा असतो, कारण आपण नोकरीला चाललो आहोत अशी त्याची समजूत असते.

मार्च 2025 मध्ये थायलंडमधील मे सोत येथून भारतीय हवाई दलाच्या विमानांनी दोन फेऱ्यांत 549 भारतीयांना परत आणले. सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावडी भागात संगणकावरून लोकांना गंडवण्याचे जे कारखाने चालतात, त्यांत ही मुले अडकली होती. जाताना ती जंगलातून चोरवाटेने भारताबाहेर पडली नव्हती. आपल्याच विमानतळांवरून, आपल्याच अधिकाऱ्यांनी मारलेला शिक्का घेऊन गेली होती. जानेवारी 2022 ते मे 2024 या काळात कंबोडिया, थायलंड, म्यानमार आणि व्हिएतनाम येथे पर्यटक व्हिसावर गेलेल्या सुमारे 73 हजार भारतीयांपैकी 29,466 जण परतलेले नव्हते, असे इमिग्रेशन खात्याच्याच नोंदींवरून पुढे आले. हे सगळेच फसवले गेले असे म्हणणे चूक होईल. पण पर्यटनाला गेलेल्या दर पाच माणसांतली दोन घरी आलेली नाहीत, हे सांगणारी वही सरकारच्याच टेबलावर होती आणि ती वेळेवर उघडून पाहणे हे कोणाचेही नेमून दिलेले काम नव्हते.

दुसरे उदाहरण डिसेंबर 2023 चे. संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथून निकाराग्वाला निघालेले, 303 प्रवासी असलेले एक विमान फ्रान्समधील वात्री या लहानशा विमानतळावर इंधनासाठी उतरले आणि तिथेच रोखले गेले. प्रवासी बहुतांश भारतीय होते, आणि त्यांत पालकांविना प्रवास करणारी 11 अल्पवयीन मुले होती. 26 डिसेंबरला 276 जण मुंबईत परत आले. ही मंडळी आधी आपल्या विमानतळांवरून छोट्या छोट्या गटांनी आखाती देशांत गेली होती. त्यांना अडवले ते एका निनावी खबरीने, आणि तेही फ्रान्समध्ये. (कायद्याच्या भाषेत स्वखुशीने पैसे मोजून चोरट्या मार्गाने स्थलांतर करणे आणि फसवून नेले जाणे हे दोन वेगळे गुन्हे आहेत. पण सुटण्याच्या क्षणी, खिडकीपाशी, दोघे सारखेच दिसतात, आणि दोघांच्या मागे बहुधा तोच दलाल असतो.)

आपली तपासणी अजूनही 1983 च्या प्रवासी कायद्याच्या काळात घुटमळते. त्या कायद्याने डोळ्यांसमोर ठेवला होता आखातात जाणारा, दहावी न झालेला गवंडी किंवा सुतार. त्याच्या पारपत्रावर नोंद करायची, त्याने नोकरीसाठी जाताना परवानगी घ्यायची. ते त्या काळी योग्यच होते. पण आज गंडवागंडवीच्या कारखान्यांना हवा असतो इंग्रजी टंकन येणारा पदवीधर, आणि तो जातो पर्यटक म्हणून. म्हणजे ज्याला धोका आहे तो गाळणीच्या छिद्रातून सहज निसटतो आणि ज्याची कागदपत्रे कच्ची आहेत तो गवंडी मात्र ताटकळत राहतो.

मग खिडकीवरच्या अधिकाऱ्याने जास्त प्रश्न विचारावेत का? माझे स्पष्ट उत्तर 'नाही' असे आहे. हा आग्रह धरणारे पुष्कळ आहेत, आणि त्याचा परिणाम काय होतो हेही आपण पाहतो. एकटी निघालेली परिचारिका, पहिल्यांदाच विमानात बसणारा मजूर, साधे कपडे घातलेली बाई यांनाच बाजूला उभे केले जाते. तस्करी रोखण्याच्या नावाखाली गरिबाचा प्रवास रोखणे सोपे असते. दलाल त्या रांगेत कधीच नसतो.

दलाल असतो तिकिटाच्या नोंदीत. विमान कंपनीच्या आरक्षणात, ज्याला पॅसेंजर नेम रेकॉर्ड किंवा पीएनआर म्हणतात, तिकीट कोणत्या एजंटाने काढले, पैसे कोणत्या मार्गाने भरले, संपर्काचा क्रमांक कोणता दिला, सोबत कोण प्रवास करीत आहे, या बाबी असू शकतात. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या बारा अनोळखी तरुणांची तिकिटे एकाच कार्डावरून निघाली असतील आणि बारांच्या नोंदीत एकच फोन असेल, तर प्रश्न त्या बारांना नव्हे, तेराव्याला विचारायला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर 2017 च्या ठराव 2396 ने सदस्य राष्ट्रांना ही माहिती गोळा करण्यास सांगितले. आपण ऑगस्ट 2022 मध्ये नियम केले. अंमलबजावणीला 2025 उजाडले. नियमांप्रमाणे विमान कंपन्यांनी ही माहिती उड्डाणाच्या 24 तास आधी द्यायची. कोणाला? सीमाशुल्क खात्याच्या केंद्राला, कारण नियमच सीमाशुल्क कायद्याखाली झाले. पारपत्र पाहणाऱ्या इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यापुढे प्रवाशाचे नाव, चेहरा आणि पारपत्र आहे. तिकिटामागचा माणूस मात्र शेजारच्या खात्याच्या संगणकात आहे. ते खाते प्रामुख्याने सोने आणि चरस शोधते. इतर यंत्रणांना माहिती देता येते, पण 'प्रकरणपरत्वे', म्हणजे आधी कोणाला तरी संशय यावा लागतो. संशय यायला जी माहिती हवी तीच संशय आल्यावर मिळणार!

इथे खासगीपणाचा आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. सगळ्यांच्या तिकिटांची माहिती सगळ्या यंत्रणांना मोकळी करा असे माझे म्हणणे नाही. एका खोलीत, ठरावीक अधिकाऱ्यांना, ठरावीक खुणांपुरती ती दिसावी आणि कोणी काय पाहिले याची नोंद पुसता येऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शेजाऱ्यांशी सहकार्याची कथाही फार वेगळी नाही. सार्क देशांनी जानेवारी 2002 मध्ये काठमांडू येथे मानवी तस्करीविरोधी करार केला. पण त्यात तस्करीची व्याख्या महिला आणि बालकांना वेश्याव्यवसायासाठी नेणे एवढ्यापुरतीच आहे. म्यावडीत कोंडलेला बावीस वर्षांचा तरुण त्या व्याख्येत बसत नाही. आपल्या स्वतःच्या कायद्याने 2013 मध्येच, दंडसंहितेच्या कलम 370 मध्ये, ही व्याप्ती वाढवली होती. ऑगस्ट 2024 मध्ये कोलंबो सुरक्षा परिषदेच्या सनदेवर सह्या झाल्या. तिच्या पाच कार्यक्षेत्रांत तस्करी आणि आंतरराष्ट्रीय संघटित गुन्हेगारी हे एक आहे. सनद चांगली आहे. मात्र संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या कंटेनर कार्यक्रमात, जो 2004 पासून चालू आहे, बंदरावरच वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी एका खोलीत एकत्र बसवले जातात. पाकिस्तान त्याच्या पहिल्या काही देशांत होता, आणि श्रीलंकेनेही ती पद्धत स्वीकारली. पश्चिम आफ्रिकेतल्या विमानतळांवर 2010 पासून याच धर्तीची संयुक्त पथके आली. ज्या देशांच्या प्रशासनाकडे आपण वरून पाहतो, त्यांनी आपल्यापेक्षा साधा उपाय केला: खुर्च्या जवळ आणल्या.

एकत्र बसले की हातमिळवणी होईल, असेही मला कोणी सांगेल. आपल्या कोकणात तसे घडले आहे, हे मी विसरलेलो नाही. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे आणि स्फोटके उतरली तेव्हा सीमाशुल्क आणि पोलीस अशा दोन्ही खात्यांतली माणसे त्यात सामील होती, आणि पुढे न्यायालयाने त्यांतल्या काहींना दोषी ठरवले. म्हणजे लाचेच्या कामात दोन खात्यांचा समन्वय उत्तम होता, आणि त्यासाठी समिती लागली नव्हती. त्यावरून धडा घ्यायचा तो एकत्र बसू नये असा नव्हे. त्या खोलीतल्या नोंदी त्या खोलीबाहेरच्या, तिसऱ्या कोणाला तरी रोज दिसल्या पाहिजेत, असा आहे.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. नव्या इमारतीत भिंत कुठे घालायची हे आधी ठरवता येते. पाच खात्यांना पाच मजल्यांवर पाच कुलपे देण्याऐवजी एक खोली द्यावी. तिथल्या अधिकाऱ्याच्या कार्यमूल्यमापनात दुसऱ्याला दिलेल्या माहितीवरून झालेली कारवाई ही देणाऱ्याच्या खात्यावर तितकीच मांडावी. आणि सुटका झालेला प्रत्येक माणूस कोणत्या विमानतळावरून, कोणत्या तारखेला, कोणाच्या तिकिटावर गेला होता हे त्याला परत आणल्यावर त्या खोलीकडे लेखी कळवावे. 549 जणांची विचारपूस झाली तेव्हा ही माहिती त्यांच्या तोंडी होतीच.

यासाठी नवी समिती नको आणि नवा कायदाही नको. 2022 चे नियम अधिसूचनेने आले होते. 'प्रकरणपरत्वे' हा शब्द बदलायलाही अधिसूचना पुरेल.