दीड तास म्हणे!

"अरे, बंगलोर म्हणजे काय, दीड तास! शनिवारी घरी चहाला जाऊन येशील." माझी पुण्याहून बदली करताना मॅनेजर हे म्हणाला, आणि मी गाढवासारखं तेच वाक्य घरी आईला ऐकवलं. तेव्हापासून या दीड तासावर माझा राग आहे.

आपण इंजिनीयर लोक, म्हणून आधी आकडे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश हॅवरसाइन सूत्रात घाला, साधारण ७२० किलोमीटर येतात. दहा ओळींचा कोड. ताशी ८०० च्या वेगाने ५४ मिनिटं. मग वेळापत्रकात दीड तास कुठून आला? कारण तो नुसता उडण्याचा वेळ नसतोच. विमान जागेवरून मागे ढकलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं आणि वर उशीर झाकायला थोडं अस्तर. म्हणून तर "आपण दहा मिनिटं लवकर पोचलो" अशी घोषणा होते आणि आपण खूश! एस्टिमेट फुगवून लवकर डिलिव्हरी द्यायची, ही युक्ती आपल्याला नवीन आहे का? :)

असो. ते एक वेळ माफ. माझं भांडण वेगळं आहे. हा दीड तास विमानाचा आहे, माणसाचा नाही.

मे २००८ मध्ये बंगलोरचा विमानतळ शहरातल्या एचएएलवरून उत्तरेला देवनहळ्ळीला गेला. पुणे त्याच बाजूला, त्यामुळे हवेतलं अंतर वीसेक किलोमीटरनं चक्क घटलं! आणि दक्षिण टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणारा माझ्यासारखा? त्याला आता अख्खं शहर पार करून पन्नासहून जास्त किलोमीटर जावं लागतं. अंतर मोजणारी वेबसाइट मात्र म्हणणार, दोन शहरं जवळ आली. इकडे लोहगाव हा हवाई दलाचा तळ. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी तो चौदा दिवस बंद होता. ७२० किलोमीटर तेव्हाही ७२०च होते ना?

मागच्या वर्षी सकाळी सव्वासहाला आईचा फोन आला. बाबा बाथरूममध्ये पडले होते. मी पावणेनऊला विमानतळावर पोचलो, तर सव्वानऊच्या विमानाचं काउंटर बंद झालेलं. पुढचं विमान १०.५० चं. कोथरूडला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते आणि बाबांचं प्लास्टर घालून झालं होतं. सगळी धावपळ शेजारच्या काकांनी केली. जवळजवळ आठ तास! आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुम्ही म्हणाल, रेल्वेला तर वीसेक तास लागतात. लागतात ना! पण रेल्वेनं जाणाऱ्याला कुणी "दीड तास" सांगत नाही. वीस तास ऐकून माणूस वीस तासांचा विचार करतो, आईवडिलांजवळ कोण राहील हे आधी ठरवतो. मी ठरवलंच नव्हतं.

सध्या आमच्या टीममध्ये पुण्याच्या एका पोराच्या बदलीचं चाललंय. त्यानं विचारलं, "सर, बंगलोर दीड तासच ना?" मी म्हटलं, "आठ धर." त्यावर मॅनेजरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, पोरांना उगाच घाबरवू नकोस. पोरगा अजून विचार करतोय.