मुख्य गंतव्यस्थान

युरोपच्या प्रवासाचा बेत ठरवणे हा साहित्याचा विषय आहे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आम्हालाही तो पडला होता. परंतु गेले दोन महिने घरातील जेवणाचे टेबल नकाशांनी व्यापले आहे, आणि वसंतातल्या दोन आठवड्यांत कोठे जावे या एकाच प्रश्नावर आम्हा दोघांत जेवढी चर्चा झाली तेवढी अलीकडे एखाद्या पुस्तकावरही झालेली नाही. त्या चर्चेतून असे ध्यानात आले की, ही निवड म्हणजे आमच्या वाचनाचीच झडती आहे. काय वाचले, कोणी सांगितले म्हणून वाचले आणि काय वाचायचे राहून गेले, हे सारे त्या नकाशावर उघडे पडते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही दोघेही साहित्य शिकवणारे. साठवून ठेवलेली रजा, मोजका पैसा आणि एप्रिलचा उत्तरार्ध एवढेच आमचे भांडवल. आरंभी हाती आले ते एका सहल-कंपनीचे गुळगुळीत माहितीपत्रक : चौदा दिवसांत दहा शहरे. आम्ही कागदावर हिशेब मांडला. येण्याजाण्याचे दोन दिवस वजा जाता बारा उरतात. दहा शहरे म्हणजे नऊ वेळा मुक्काम हलवणे. सामान बांधणे, स्थानक गाठणे, प्रवास करणे आणि नव्या खोलीची चावी हाती पडणे यांत निदान अर्धा दिवस जातो. असे साडेचार दिवस खर्ची पडले की उरतात साडेसात. एका शहराच्या वाट्याला पाऊण दिवस. एखाद्या विद्यार्थ्याने पाऊण दिवसात मोठी कादंबरी ‘केली’ असे सांगितले तर आपण त्याला काय म्हणू? आणि ‘युरोप केला’ असे मात्र आपण सहज म्हणतो.

अर्थात अशा सहलींना हसण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. ज्यांना आयुष्यात एकदाच जाता येते, परक्या भाषेची धास्ती वाटते, जेवणाखाण्याची काळजी असते, त्यांच्यासाठी ती व्यवस्था मोलाची आहे. आयफेल मनोऱ्यासमोर काढलेले आमच्या एका मावशींचे छायाचित्र अजून आमच्या भिंतीवर आहे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नाही.

तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवून आम्ही आमची स्वतःची यादी केली : पॅरिस, फ्लॉरेन्स, वायमार, प्राग, डब्लिन. बॉदलेअर, दान्ते, ग्योटे, काफ्का, जॉइस. यादी पुरी झाल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि ओशाळलो. ही तर एम.ए.च्या प्रश्नपत्रिकेची अनुक्रमणिका होती! सहल-कंपनीच्या यादीत मनोरे आणि धबधबे होते, आमच्या यादीत ग्रंथकार होते; पण दोन्ही याद्या दुसऱ्याच कोणी केलेल्या होत्या. त्यातही आमच्या यादीतील बहुतेक ग्रंथकार आमच्यापर्यंत इंग्रजीच्या दारातून आलेले. आपला युरोप हा पुष्कळदा इंग्रजांनी आपल्यासाठी निवडलेला युरोप असतो, ही गोष्ट आपण वर्गात तावातावाने मांडतो आणि तिकिटे काढताना विसरतो.

येथे आमच्या मदतीला धावून आला तो चक्क शेंगेन व्हिसाचा अर्ज. या व्हिसावर १८० दिवसांच्या कालावधीत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि सध्या २९ देशांत फिरता येते. (डब्लिन तेथेच गळाले, आयर्लंड या व्यवस्थेत नाही.) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांसाठीचे शुल्क जून २०२४पासून ९० युरो झाले आहे, आणि व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. पण महत्त्वाचा तो एक रुक्ष प्रश्न : आपले मुख्य गंतव्यस्थान कोणते? ज्या देशात मुक्काम सर्वांत अधिक, किंवा ज्या देशासाठी प्रवासाचे मुख्य प्रयोजन, त्याच देशाकडे अर्ज करावा असा नियम आहे. पाच देशांत सारखे दिवस वाटून देणाऱ्याला, ज्या देशात प्रथम पाऊल टाकणार त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यावर मार्गदर्शकाने विचारावा तसा हा प्रश्न आहे : तुमचा मुख्य मुद्दा काय? आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग ऋतूचा विचार केला. आपला वसंत चैत्र-वैशाखाचा, कैऱ्यांचा आणि कोकिळेचा, आणि कडक उन्हाचाही. युरोपातला वसंत दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जातो. मार्चमध्ये तो भूमध्य समुद्राच्या काठी असतो, तर उत्तरेकडील देशांत पोहोचायला त्याला मे उजाडतो. एप्रिलअखेर आल्प्समधील उंच घाट बहुधा बर्फाने बंदच असतात. प्रागचा प्रसिद्ध वसंत-संगीतमहोत्सव १२ मे रोजी, म्हणजे संगीतकार स्मेतानाच्या स्मृतिदिनी सुरू होतो. तोवर आमची रजा संपलेली असेल. बार्सिलोनात २३ एप्रिलला पुस्तक आणि गुलाब भेट देण्याची प्रथा आहे, आणि तिचा मोह आम्हाला बराच काळ सुटला नाही. एकूण नकाशावरचे बोट आपोआप दक्षिणेकडे व पश्चिमेकडे सरकू लागले.

याच सुमारास कपाटातील जुनी प्रवासवर्णने चाळली गेली. ‘अपूर्वाई’ (१९६०) पुन्हा उघडले. पु. ल. लंडनला गेले ते दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घेण्यासाठी. तेथे त्यांना काम होते, मुक्काम होता, रोजचा रस्ता होता. त्या पुस्तकाचा जिवंतपणा कशात आहे असे विचारले तर आपण विनोद म्हणतो. आम्हाला या वेळी वाटले की तो राहण्यात आहे. तेव्हा दोन आठवड्यांत राहिल्यासारखे राहायचे, तर देश एकच हवा, आणि त्या देशाशी बोलण्यासारखे आपल्याजवळ काही हवे.

आम्ही पोर्तुगाल निवडले.

कारणे अशी. १५७९च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेल्या एका गलबतावर थॉमस स्टीफन्स नावाचा तरुण इंग्रज जेज्विट होता. तो ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला, येथली भाषा शिकला आणि १६१६मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले : सुमारे अकरा हजार ओव्यांचे, मराठीत. आपण ते अभ्यासक्रमात शिकवतो. परंतु ज्या टेगस नदीच्या मुखातून ती वाट सुरू झाली ती नदी पाहावी, असे आम्हाला इतक्या वर्षांत एकदाही वाटले नव्हते. सीन नदी पाहावी असे मात्र कितीदा वाटले. पाव, बटाटा, पगार, चावी, हापूस हे शब्द रोज तोंडात घोळवणाऱ्या भाषेने ज्या भाषेकडून ते घेतले, तिचा आवाज एकदा तिच्या घरी ऐकावा, यात गैर काय?

दुसरे कारण तारखेचे. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये सैनिकांनी जुनी हुकूमशाही उलथून टाकली आणि लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला होता. पण गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४च्या करारान्वये. म्हणजे त्यांच्या वसंताशी आपल्या इतिहासाचे एक पान जोडलेले आहे. गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे १९६९पर्यंत लिस्बननजीकच्या काशियासच्या तुरुंगात होते. सांगलीकडचा एक मराठी तरुण, गोव्यात शिक्षक म्हणून गेलेला. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना त्याआधी पेनिशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात ठेवले होते. तेथे आता प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे; ते एप्रिल २०२४मध्ये, क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षी खुले झाले. पोर्तुगीज जनता आणि गोमंतकीय एकाच राजवटीचे कैदी होते, हे वाक्य आम्ही अनेकदा वाचले आहे. ते त्या भिंतींसमोर उभे राहून पुन्हा वाचावे असे वाटते.

हा प्रवास सुखाचाच असेल असे नाही. बेलें येथील जेरोनिमुश मठ मसाल्यांच्या व्यापारावरील कराच्या पैशातून उभा राहिला. तेथे वास्को द गामाची आणि कवी कामोंइशची शवपेटी एकाच छताखाली आहे : आरमार आणि महाकाव्य शेजारीशेजारी. कामोंइश स्वतः गोव्यात राहून गेलेला. त्या कोरीव कमानींचे सौंदर्य पाहताना मिरीचा हिशेब आठवणे हे आपल्या नशिबी आहे, आणि आम्हाला ते टाळावेसेही वाटत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने डोळे दिपू द्यावेत, पण मिटू नयेत.

या निवडीवर आमच्या एका स्नेह्यांनी आक्षेप घेतला तो विचारात घेण्याजोगा आहे. ते म्हणाले, “इतक्या दूर जाऊन तुम्ही गोवाच शोधणार. आपल्याशी नाते आहे म्हणून पाहणे हा संकुचितपणा नव्हे काय?” यावर आमचे उत्तर असे की, लंडनही आपण नात्यापायीच पाहतो, ते नाते इतके अंगवळणी पडले आहे की नाते म्हणून दिसेनासे झाले, एवढेच. शिवाय नाते हे दार आहे. आत गेल्यावर भेटणार तो पेसोआ. त्याचा आपल्याशी काय संबंध? तरीही तो बालपणी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला इंग्रजी शाळेत शिकला, आरंभी इंग्रजीत कविता लिहीत राहिला आणि मग आपल्या भाषेकडे वळून तिच्यात एकाच देहातून अनेक कवी उभे केले, हे कळल्यावर कोणता मराठी वाचक त्याला परका म्हणेल? सारामागोने त्याच्या त्या कल्पित कवींपैकी एकाला, रिकार्दो रेईशला, कादंबरीचा नायक करून १९३६च्या लिस्बनमध्ये फिरवले. ती कादंबरी हाती घेऊन त्या चढणी चढायच्या, हा आमचा बेत आहे.

वाटचाल साधी ठेवली आहे : लिस्बनमध्ये सहा रात्री, जुन्या विद्यापीठाच्या कोइंब्रात तीन आणि पोर्तोत तीन. पेनिशसाठी लिस्बनहून एक दिवस. एव्होरा, सिंत्रा, सारा दक्षिण किनारा वगळला. वगळताना जीव हळहळला, पण निवड म्हटली की हे आलेच. एप्रिलमध्ये तेथे पाऊस फार, अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. तेव्हा छत्री नेऊ. सूर्य रात्री आठनंतर मावळतो, तेव्हा संध्याकाळी वाचायला उजेड पुरेल. आणि २५ तारखेला आव्हेनिदा दा लिबेर्दादवरून निघणाऱ्या मिरवणुकीच्या कडेला आम्ही दोघे उभे असू.

विद्यार्थी मित्रांना एक सुचवावेसे वाटते. प्रवास घडो वा न घडो. पैसा आणि व्हिसा दोन्ही आपल्या हातात नसतात. पण चौदा दिवस धरून एक कागद घ्या, मुख्य गंतव्यस्थान लिहा आणि त्याखाली कारण लिहा. कारण लिहिताना लेखणी अडली, तर ते गाव तुमच्या यादीत कोणी घातले याचा शोध घ्या. आमचा स्वतःचा तो शोध दोन महिने चालला. काल अर्ज भरला.