असईची वाट आपल्या पायांखाली यावी

आज २३ सप्टेंबर. १८०३ साली याच तारखेला, भोकरदनच्या पूर्वेला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईची लढाई झाली. सहाच दिवसांपूर्वी आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा केला, हुतात्म्यांच्या स्मृतिस्तंभांसमोर माना झुकवल्या. ते आपले कर्तव्यच आहे. असईची आठवण मात्र आपल्याच जालना जिल्ह्यात बहुतेकांच्या मनात शाळेच्या पुस्तकातील एका ओळीपुरती उरली आहे.

त्या दिवशी समोर होता इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे सैन्य दोन नद्यांच्या मधे तळ देऊन होते. केळणेला उतार नाही, असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले. त्याने नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली आणि ताडले, की एवढ्या जवळच्या गावांचे एकमेकांकडे जाणे-येणे असणारच, म्हणजे उतारही असणार. तो होता. तिथूनच इंग्रज फौज पलीकडे गेली. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन या जर्मन सरदाराच्या हुकमतीखाली होत्या. त्यांनी ऐन वेळी मोहरा बदलला आणि तोफांचा असा मारा केला, की इंग्रजांच्या ७४ व्या पलटणीची दाणादाण उडाली.

या लढाईत मन सर्वांत जास्त थबकते ते गोलंदाजांपाशी. संगिनी छातीला भिडेपर्यंत त्यांनी तोफा सोडल्या नाहीत. इंग्रजांची रांग पुढे सरकली तेव्हा प्रेतांमध्ये मेल्यासारखे पडून राहिलेले काही जण उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि पाठीमागून पुन्हा बत्ती दिली. त्या तोफा परत घेण्यासाठी वेलस्लीला स्वतः मागे वळावे लागले. इंग्रज फौजेचे ४२८ लोक ठार झाले आणि अकराशेहून अधिक जखमी. मराठ्यांचे सुमारे १२०० सैनिक रणांगणावरच पडले, असा वेलस्लीचा अंदाज होता. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केल्यानंतरही, आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारल्यावर त्याने असईचेच नाव घेतले.

जिंकणाऱ्यांनी असई जपली. तिथे लढलेल्या पलटणींना सन्मानचिन्ह म्हणून हत्ती मिळाला, आणि आपल्या भारतीय सेनेच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर तो आजही आहे. मद्रासकडून आलेले देशी शिपाईही या मातीत पडले, त्यांचेही स्मरण व्हायलाच हवे. पण इतिहासाच्या पुस्तकांत वेलस्लीच्या डायोमेड नावाच्या घोड्यालासुद्धा भाला लागल्याची नोंद सापडते, आणि तोफेवर मेलेल्या आपल्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. ही खंत दोनशे वर्षांहून जुनी आहे. ती दूर करणे आता कोणाच्या हातात नसेल, पण त्या जागेवर जाऊन उभे राहणे आपल्या हातात आहे.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. दहावीच्या जुन्या बॅचची स्नेहसंमेलने आता गावोगाव होतात, आणि ती व्हावीतच. चाळीस वर्षांनी वर्गमित्र भेटतात, एकमेकांना पुन्हा टोपणनावाने हाक मारतात, याहून मोठे सुख थोडेच असेल! पण मंगल कार्यालय, मंडप, जेवणावळ आणि फेटे यांची वर्गणी काढताना ज्याची परिस्थिती बेताची आहे तो मित्र काहीतरी कारण सांगून येत नाही. त्याच्या न येण्याची बोच राहते. मंडपाऐवजी असईची सहल काढली, तर ती अशा मित्रालाही परवडते. जालन्याहून भोकरदनला लाल एसटी जाते. महिलांना आणि पासष्टी ओलांडलेल्यांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास फुकट. प्रत्येकाने घरून भाकरी, ठेचा, पिठले बांधून आणावे. शेवटचे काही किलोमीटर ठरवून पायी चालावे. चालता चालता माणूस जेवढे मनातले बोलतो, तेवढे व्यासपीठावरच्या मनोगतात बोलत नाही.

जाताना थोडी समज ठेवावी. सप्टेंबरात शिवारात मका, कपाशी, सोयाबीन उभे असते. बांधावरून चालावे, शेतकऱ्याला विचारून पुढे जावे. नदीला पाणी असेल तर काठावरच थांबावे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे, नांगराच्या फाळाला काय लागायचे, आजोबा काय सांगायचे, ते ऐकून लिहून घ्यावे. बॅचमध्ये एखादा गुरुजी असतोच, त्याने दोन नद्यांच्या मधे उभे राहून लढाई समजावून सांगावी. येताना भोकरदनला थांबावे. सांचीच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांच्या गावांमध्ये ज्या भोगवर्धनाचे नाव कोरले आहे, ते हेच गाव.

किल्ल्यांच्या वाटा तरुणांनी पुन्हा जागत्या केल्या, त्या दर रविवारी चालणाऱ्या पावलांमुळे. असईलाही तीच गरज आहे. जिल्ह्यातल्या शाळा, माजी विद्यार्थी संघ आणि ग्रामपंचायती यांनी मिळून दरवर्षी २३ सप्टेंबरच्या आसपासचा एक रविवार यासाठी राखून ठेवावा. यंदा तुमच्या बॅचचा ग्रुप उघडा, सर्वांत कमी बोलणाऱ्या मित्राला पहिला फोन करा आणि असईला जायचा दिवस ठरवून टाका.