चक्राची सबब

'हवामान बदलतच आले आहे, हे निसर्गाचे चक्र आहे', असे अलीकडे आपल्या चर्चासत्रांतून तत्त्वचिंतकाच्या थाटात सांगितले जाते. 'चक्र' हा शब्द आम्हां साहित्यवाल्यांना इतका प्रिय, की तो तपासावा असे कुणाला वाटत नाही!

चक्र खरेच आहे. सर्बियाच्या मिलुतिन मिलांकोविच यांनी त्याचे गणित मांडण्यात उमेदीची वर्षे घातली. पहिल्या महायुद्धात बुडापेस्टमध्ये नजरकैदेत असतानाही. पृथ्वीच्या आसाचा कल सुमारे ४१,००० वर्षांत २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान हलतो, कक्षेचा आकारही बदलतो. उत्तरेचे उन्हाळी ऊन मंदावले की हिवाळ्यातले बर्फ वितळत नाही, साचत जाते आणि हिमयुग अवतरते. हिंदी महासागराच्या तळातील गाळाने १९७६ साली या गणिताला दुजोरा दिला.

पण मग हिशेब पुरता वाचावा. त्याच गणिताप्रमाणे गेली सुमारे दहा हजार वर्षे उत्तरेचे उन्हाळी ऊन घटत आहे. म्हणजे पृथ्वी निवत जायला हवी. ती तापली गेल्या दीडशे वर्षांत. तेवढ्या अवधीत आस हलतो तो अंशाच्या जेमतेम पन्नासाव्या भागाइतका.

विद्यार्थ्याने अर्धेच अवतरण दिले तर आम्ही गुण कापतो. मिलांकोविच मात्र अर्धा चालतो, तो कसा?