शब्द त्यांचे, भाडेही त्यांचेच!

सरखेल कान्होजी आंग्रे यांचे दस्तक घेतल्याविना कोकणच्या किनाऱ्यावरून व्यापारी गलबत निर्धास्त जाऊ शकत नसे. त्यापूर्वी पोर्तुगीजांनी हाच अधिकार ‘कार्ताझ’ या नावाने बळकावला होता. परवान्यावरील शब्द कोणाचे, यावरून समुद्रावर सत्ता कोणाची हे ठरत असे. दस्तक मागणाऱ्या सरखेलांना इंग्रजांनी चाचे ठरवले, ते उगाच नव्हे!

आज दस्तकाची जागा करारपत्रातील तीन अक्षरांनी घेतली आहे. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ मध्ये ‘इन्कोटर्म्स’ ही परिभाषा सिद्ध केली. तिच्या २०२० च्या आवृत्तीत अशा अकरा संज्ञा आहेत. त्यांपैकी एफओबी आणि सीआयएफ या दोन आपल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी सदैव असतात. अर्थ मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो.

एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची. जहाज आणि विमा कंपनी निवडणार ग्राहक. सीआयएफमध्ये भाडे व विमा विक्रेता भरतो आणि निवडही तोच करतो. आपले बरेचसे निर्यातदार एफओबीने विकतात आणि आयातदार सीआयएफने घेतात. म्हणजे माल जावो अथवा येवो, जहाज कोणते हे परदेशातच ठरते! भारत परकीय जहाज कंपन्यांना दरवर्षी सुमारे ७५ अब्ज डॉलर भाडे देतो, असे पंतप्रधानांनी २० सप्टेंबर २०२५ रोजी भावनगर येथे सांगितले. भारतीय जहाजांची टंचाई हे त्याचे मोठे कारण खरेच; पण निवडीचा हक्क आपणच सोडून दिला, तर उद्या जहाजे बांधूनही ती भरणार कोण?

भाड्याच्या चढउताराला आपला व्यापारी भितो, हे समजण्यासारखे आहे. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, तेव्हा भाडी कशी कडाडली हे सर्वांनी पाहिले. परंतु एफओबीही त्याला वाटते तितकी निर्धोक नाही. समजा, नाशिकच्या द्राक्षांचा शीतकंटेनर न्हावा-शेवा येथे टर्मिनलच्या स्वाधीन झाला. जहाज दोन दिवस लांबले आणि शीतयंत्रणा बंद पडली. माल हातातून गेलेला, तरी जोखीम निर्यातदाराचीच. कारण तो अद्याप जहाजावर चढलेला नाही. कंटेनरसाठी एफसीए ही संज्ञा वापरावी, असे वाणिज्य मंडळच सांगते. तीत वाहतूकदाराच्या स्वाधीन करताच विक्रेत्याची जोखीम संपते.

सीमाशुल्काचेही तसेच. आयात मालाचे मूल्य भाडे आणि विमा धरून ठरते. भाड्याचा हिशेब देता आला नाही, तर २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांनुसार एफओबी किमतीच्या २० टक्के रक्कम भाडे म्हणून धरली जाते. एक कागद जपला नाही, म्हणून न दिलेल्या भाड्यावरही शुल्क!

राज्यकर्त्यांची अनास्थाही लहान नव्हती. मालवाहतुकीच्या ‘बिल ऑफ लेडिंग’ या दस्तऐवजाचा आपला कायदा १८५६ चा. ब्रिटिश संसदेने १८५५ मध्ये केलेला मूळ कायदा खुद्द ब्रिटनने १९९२ मध्ये मोडीत काढला. आपल्या संसदेला नवा कायदा संमत करण्यासाठी २०२५ उजाडले. सावरकरांच्या भाषाशुद्धीचा अभिमान बाळगूनही या संज्ञांना मराठी प्रतिशब्द हवेत असा हट्ट येथे नाही, कारण तंटा उद्भवला की लवादापुढे मूळ अक्षरेच वाचली जातात. त्यांचा अर्थ मात्र मराठीतून सांगणारी पुस्तिका प्रत्येक सहकारी संघाच्या कार्यालयात असावयास हवी.

द्राक्षांच्या निर्यातीचे करार हंगामापूर्वीच ठरू लागतात. त्यांत एफओबीच्या जागी एफसीए लिहिण्यासाठी दिल्लीच्या अनुज्ञेची आवश्यकता नाही.